क्रॉनिक टाउन: वीस मिनिटांच्या सीडीला पैसे मोजावेत का?

सगळ्यात आधी तक्रार नोंदवते, म्हणजे ती मनातून जाईल. एका सीडीवर ७४ मिनिटांचं संगीत आरामात मावतं. आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडच्या, १९८२ च्या ‘क्रॉनिक टाउन’ची जी सीडी २०२२ मध्ये निघाली, तिच्यावर आहेत २० मिनिटं आणि वर काही सेकंद. गाणी ५. ना एखादा डेमो (म्हणजे आधीचं कच्चं रेकॉर्डिंग), ना लाइव्ह रेकॉर्डिंग, ना त्या वेळी गाळलेलं एखादं गाणं. ४० वर्षं झाली म्हणून काढलेली ही खास आवृत्ती! पानात मीठ-लिंबू वाढावं आणि यजमानाने आत जाऊन दार लावून घ्यावं, असं पहिल्यांदा ऐकताना वाटलं.

तरी मी ती घेतली. आज कोणी विचारलं तर ‘घे’ असंच सांगेन. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी बेस गिटार वाजवायचे. वाजवायचे म्हणजे हॉस्टेलच्या जिन्याखालच्या खोलीत, चार जणांच्या बँडमध्ये, जेमतेम दोन वर्षं. ड्रमरला भाऊ होता, भावाकडे सीडी होत्या, आणि त्यातली एक होती आर.ई.एम.ची ‘डेड लेटर ऑफिस’. १९८७ चा हा संग्रह म्हणजे बँडचा माळा आहे. सिंगलच्या, म्हणजे एका मुख्य गाण्याच्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला टाकलेली गाणी, दुसऱ्यांची वाजवलेली गाणी, एखाददुसरं तर चक्क प्यायलेल्या अवस्थेत केल्यासारखं. अशी १५ गाणी झाली की १६ व्या नंबरला अचानक हवा बदलते. माळ्यावरून उतरून तुम्ही भलत्याच खोलीत आलेले असता. १६ ते २० ही ती पाच गाणी, म्हणजे ‘क्रॉनिक टाउन’. सीडी नावाचा प्रकार आला तेव्हा या छोट्या रेकॉर्डला स्वतंत्र सीडी मिळालीच नाही. मोठ्या संग्रहाच्या शेपटीला बांधून टाकलं तिला.

त्यामुळे माझ्या डोक्यात ही गाणी कायम सोळापासून सुरू व्हायची. प्लेअरचं पुढचं बटण पंधरा वेळा दाबायचं, बोट दुखायचं, मग ‘वुल्व्ज, लोअर’. नव्या सीडीवर ते गाणं १ नंबरला आहे. आकडाच तर बदलला, असं कोणी म्हणेल. पण घरात पाहुणा म्हणून राहिलेल्या माणसाला स्वतःच्या नावाची पाटी मिळाली की तो वेगळा दिसतो. ही सीडी तशी दिसते.

बँडची जन्मकथा अनेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं अथेन्स हे विद्यापीठाचं गाव. तिथे ‘वक्स्ट्री’ नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात पीटर बक काउंटरवर असायचा. मायकल स्टाइप, पुढे बँडचा गायक, हा दृश्यकलेचा विद्यार्थी दुकानात यायचा आणि बकने स्वतःसाठी बाजूला काढून ठेवलेल्या रेकॉर्डच नेमक्या उचलायचा. दुकानदाराला असं गिऱ्हाईक एक तर नकोसं होतं, नाही तर मित्र होतं. इथे मैत्री झाली. बेसवाला माइक मिल्स आणि ड्रमर बिल बेरी हे मेकन गावचे, शाळेपासून एकमेकांना ओळखणारे. ओळखणारे म्हणजे आधी एकमेकांना पाण्यात पाहणारे. मेकनमध्ये कुठेतरी एकत्र वाजवायचं ठरलं, बेरी ड्रम मांडून बसला आणि दारातून बेस घेऊन मिल्स आत आला. ड्रम मांडून झाले नसते तर आपण उठून गेलो असतो, असं बेरी पुढे सांगायचा. रॉक संगीताच्या इतिहासात आळसाचं योगदान किती मोठं आहे, यावर कोणी तरी लिहायला हवं.

५ एप्रिल १९८० ला हे चौघं पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला उभे राहिले. जागा होती ओकोनी स्ट्रीटवरचं सेंट मेरीज हे चर्च, जे चर्च म्हणून कधीच बंद झालं होतं आणि ज्यात यांतले काही जण भाड्याने राहत होते. निमित्त एका मैत्रिणीच्या वाढदिवसाचं. तोवर बँडला धड नावही नव्हतं. ‘ट्विस्टेड काइट्स’ वगैरे नावं चर्चेत होती, आणि काही तर इथे लिहिण्यासारखी नाहीत. शेवटी स्टाइपने शब्दकोश उघडला, बोट ठेवलं आणि आर.ई.एम. निघालं. चर्च १९९० मध्ये पाडलं. मनोरा तेवढा उरला आहे.

आमच्या बँडचं नाव ठरायला सात महिने लागले. ठरलं त्याच आठवड्यात गायकाने सोडलं. असो.

अथेन्सबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. हे चौघं काही ओसाड माळावर उगवले नाहीत. त्यांच्याआधी याच गावातून ‘द बी-फिफ्टीटूज’ निघून न्यूयॉर्कला पोचले होते, आणि ‘पायलॉन’ हा बँड १९७९ पासून गावात होता. पायलॉनवर आर.ई.एम.ची इतकी भक्ती की पायलॉनचं ‘क्रेझी’ हे गाणं या चौघांनी स्वतः वाजवून ठेवलं. तेच ‘डेड लेटर ऑफिस’वर पहिलं गाणं आहे. म्हणजे गावात वाजवायला जागा होत्या, ऐकायला विद्यार्थी होते, आणि ‘आपल्यातलाच एक जण बाहेर जाऊन रेकॉर्ड काढतो’ हे डोळ्यांनी बघितलेलं होतं. नवख्या बँडला याहून मोठं भांडवल लागत नाही. आमच्या कॉलेजात आमच्याआधी कोणीच बँड काढला नव्हता. त्यामुळे काय चुकतंय हे सांगायलाही कोणी नव्हतं.

आता रेकॉर्डिंगकडे येते, कारण खरी मजा तिथे आहे. त्यांनी एक डेमो केला तो अटलांटाजवळच्या स्मर्ना गावात, १९८१ च्या फेब्रुवारीत. स्टुडिओचं नाव होतं ‘बॉम्बे’. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. पण त्या डेमोवर बँड खूश नव्हता. मग एप्रिलमध्ये ते गाडी काढून नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलमला गेले. तिथे मिच ईस्टर नावाच्या गिटारवादकाने आईवडिलांच्या गॅरेजमध्ये स्टुडिओ थाटला होता, नाव ‘ड्राइव्ह-इन’. हा ईस्टर पुढे स्वतःच्या ‘लेट्स ॲक्टिव्ह’ या बँडसाठीही ओळखला गेला. त्या गॅरेजमध्ये ‘रेडिओ फ्री युरोप’ आणि ‘सिटिंग स्टिल’ ही दोन गाणी झाली आणि जुलैत ‘हिब-टोन’ या अगदी छोट्या कंपनीने त्यांचं सिंगल काढलं.

पहिली छपाई १,००० प्रतींची. त्या भराभर संपल्या आणि आणखी ६,००० काढाव्या लागल्या. गंमत अशी की पहिल्या छपाईवर कंपनीचा पत्ताच छापायचा राहून गेला होता. म्हणजे रेकॉर्ड आवडली तर मागवायची कुठून, हे कोणाला कळायचा मार्ग नाही, आणि तरी ती विकली गेली. बकला मात्र त्या रेकॉर्डचं मास्टरिंग, म्हणजे छपाईआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात, इतकं नावडलं की त्याने एक प्रत फोडली आणि भिंतीवर चिकटवून ठेवली. पहिलं सिंगल हातात आलेल्या माणसाची ही प्रतिक्रिया. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच सिंगलला वर्षातल्या पहिल्या दहांत घेतलं, आणि पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते जतन करण्याच्या यादीत नोंदवलं. भिंतीवरचे तुकडे कुठे गेले कोण जाणे.

आमचाही एक डेमो झाला होता. स्टुडिओचं नाव घेत नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्या काकांनी बेसची पट्टी हळूच खाली ओढली आणि म्हणाले, ‘‘ताई, हा आवाज घुमतो, लोकांना आवडत नाही.’’ कॅसेटवर मी आहे हे फक्त मला माहीत आहे.

म्हणूनच असेल, मी ‘क्रॉनिक टाउन’ बेससाठी ऐकते. मला अगदी पहिल्यापासून तिथे माइक मिल्सच दिसत आला आहे. बक तेव्हा गिटारमध्ये नवखाच होता, हे त्याने कधी लपवलं नाही. तो सोलो वाजवत नाही. कॉर्डमधले सूर सुटे करून एकेक तार छेडत जातो, मण्यांची माळ ओढल्यासारखा. त्यामुळे गाण्याच्या मध्यभागी खूप जागा मोकळी राहते. त्या जागेत मिल्सचा बेस चाल गातो. नुसता ड्रमच्या पायाखाली चालत नाही, वर येतो, वळतो, एखाद्या ओळीला उत्तर देतो. शिकलेला वादक आणि शिकत असलेला वादक एका बँडमध्ये असले की सहसा शिकलेला दुसऱ्याला दाबतो. इथे शिकलेल्याने शिकणाऱ्याभोवती घर बांधलं. ‘गार्डनिंग ॲट नाइट’ हेडफोन लावून फक्त बेससाठी ऐका, मग मी काय म्हणते ते लक्षात येईल.

हे गाणं तुम्ही १९८८ च्या ‘एपॉनिमस’ या संग्रहावर ऐकलं असेल तर सावध राहा. तिथे गायकाच्या आवाजाचा मिक्स वेगळा आहे, त्यात स्टाइप बराच पुढे आणि खरखरीत ऐकू येतो. इथे, मूळ रूपात, तो जवळजवळ कुजबुजतो. भिंतीपलीकडे कोणी स्वतःशी गात असावं तसा. शब्द कळत नाहीत, कळावेत अशी त्याची इच्छाही नसावी. या बँडने गाण्यांचे शब्द पूर्ण छापले ते थेट १९९८ मध्ये. तोवर जगभरच्या श्रोत्यांनी आपापले शब्द भरून घेतले होते. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांनाही ते कळत नाहीत, हे समजलं तेव्हा मला जो दिलासा मिळाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. मला वाटायचं माझंच इंग्रजी कच्चं.

पाचही गाण्यांबद्दल सारखंच लिहिणार नाही, कारण पाचही सारखी नाहीत. ‘वुल्व्ज, लोअर’ हे सुरुवातीला ठेवलेलं गाणं खरं तर सगळ्यात शेवटी आत आलं. ही ईपी (म्हणजे एलपीहून छोटी, मोजक्या गाण्यांची रेकॉर्ड) मुळात १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच गॅरेजमध्ये रेकॉर्ड झाली, एका छोट्या कंपनीसाठी. दरम्यान १९८२ मध्ये आय.आर.एस. रेकॉर्ड्सने बँडला करारबद्ध केलं. कंपनीला ‘एजेस ऑफ यू’ हे गाणं पसंत नव्हतं, ते काढून त्याच्या जागी ‘वुल्व्ज, लोअर’ आलं. मोठ्या माणसांनी लुडबुड केली की आपण चिडतो, पण इथे मला कंपनीचं ऐकावंच लागेल. ‘एजेस ऑफ यू’ चांगलं गाणं आहे, उड्या मारतं आणि विसरायला होतं. ‘वुल्व्ज, लोअर’मध्ये मात्र दोन आवाज एकमेकांच्या पाठीवर चढतात, मिल्स मागून ओरडतो, आणि दार आतून बंद आहे की बाहेरून हेच कळेनासं होतं. पहिलं गाणं असंच हवं.

तिसरं ‘कार्निव्हल ऑफ सॉर्ट्स’. जत्रेतल्या पाळण्याच्या बाजासारखा एक गंजका सूर आधी येतो, मग एकदम ड्रम. रेकॉर्डचं नाव याच गाण्यातल्या शब्दांतून घेतलं आहे. मूळ रेकॉर्डवर तर दोन बाजूंना ‘एक’ आणि ‘दोन’ न म्हणता नावं दिली होती. पहिली ‘क्रॉनिक टाउन’, दुसरी ‘पोस्टर टॉर्न’. हे सीडीवर अर्थातच मेलं. तिसऱ्या गाण्यानंतर उठायचं, रेकॉर्ड उलटायची, सुई ठेवायची, हा जो श्वास होता तो गेला. ‘कार्निव्हल’ संपून ‘१,०००,०००’ लगेच आदळतं. (हो, नाव आकड्यातच आहे, सहा शून्यांसकट.) मी आता तिथे पॉज दाबते, खोलीत एक चक्कर मारते, मग पुढे जाते. माझा नवरा म्हणतो, वीस मिनिटांत मध्यंतर घेणारी तू पहिलीच.

‘१,०००,०००’ हे पाचांतलं सगळ्यात सरळ गाणं. लहान, जोरदार, बारमध्ये नाचायला केलेलं. चांगलं आहे, पण त्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही.

शेवटचं ‘स्टंबल’ साडेपाच मिनिटांच्या वर जातं. इथे माझं आणि या रेकॉर्डच्या भक्तांचं पटत नाही. मधला भाग भरकटतो. टेपशी खेळायला मिळालं, गॅरेजचा मालक आपलाच मित्र, घड्याळ बघणारं कोणी नाही, म्हणून केलेलं ते खेळणं आहे. पण खेळ ऐकू येतो, हेही खरं. काही महिन्यांनी जेव्हा त्यांना घड्याळ बघणारा माणूस मिळाला, तेव्हा काय झालं ते बघा. १९८२ च्या अखेरीस कंपनीने स्टीफन हेग या निर्मात्याला त्यांच्याबरोबर बसवलं. त्याने ‘कॅटापुल्ट’ हे एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं आणि नंतर टेप बॉस्टनला नेऊन त्यावर कीबोर्ड चढवले. हेग काही लहान माणूस नव्हे, पुढे पेट शॉप बॉइजसारख्यांबरोबर त्याने नाव काढलं. पण चौघांनी सांगितलं, हे आमचं नाही. कंपनीने ईस्टर आणि त्याचा सहकारी डॉन डिक्सन यांना एका गाण्याची परीक्षा देऊ केली. ते गाणं होतं ‘पिलग्रिमेज’. दोघं पास झाले, शार्लट शहरात रेकॉर्डिंग झालं, आणि एप्रिल १९८३ मध्ये ‘मर्मर’ आला. तो करताना बँडने नियम कसले लावले, तर काय करायचं नाही याचे. गिटारचा सोलो नाही. त्या वर्षी सगळे वापरत होते ते सिंथेसायझर नाहीत. ‘रोलिंग स्टोन’ने तो वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवला, आणि स्पर्धेत मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ होता.

‘मर्मर’ जास्त चांगला आहे का? आहे. पण ‘मर्मर’ ऐकून बँड कसा होतो ते कळत नाही, तो झालेला बँड आहे. ‘क्रॉनिक टाउन’मध्ये सांधे दिसतात.

आणि हे सांधे रस्त्यावर घडले होते. तेव्हा अमेरिकेत असल्या बँडना फिरवणारी कोणतीच व्यवस्था नव्हती. जेफरसन होल्ट हा त्यांचा व्यवस्थापक जुनी निळी व्हॅन हाकायचा, मागे चौघं आणि सामान, आणि जेवणासाठी माणशी दिवसाला २ डॉलर. पिझ्झाच्या दुकानात, डिस्कोत, मिळेल तिथे वाजवायचं, रात्री कोणाच्या तरी जमिनीवर झोपायचं. त्या काळात ‘इंडी’ (इंडिपेंडंट, म्हणजे स्वतंत्र) हा शब्द चालीला किंवा कपड्यांना लावत नसत. तो हिशेबाचा प्रश्न होता, रेकॉर्ड कोण छापतो आणि कोण पोचवतो याचा. आय.आर.एस.ही स्वतंत्र कंपनी खरी, पण तिचा माल दुकानांत पोचवायची ‘ए अँड एम’ ही बडी कंपनी. ज्यांना शुद्धता हवी असते त्यांना हे अडचणीचं वाटतं. मला त्यात शहाणपण दिसतं. हिब-टोनच्या पत्ता नसलेल्या रेकॉर्डवरून धडा घेतलेली ती माणसं होती.

ओळखीही होत्या, हे लपवायला नको. बेरी मेकनमध्ये कार्यक्रम ठरवणाऱ्या एका एजन्सीत काम करायचा, तिथे इयन कोपलंड होता. इयनचा एक भाऊ माइल्स म्हणजे आय.आर.एस.चा संस्थापक, आणि दुसरा भाऊ स्ट्यूअर्ट म्हणजे ‘द पोलीस’चा ड्रमर. म्हणून तर डिसेंबर १९८० मध्ये, जेमतेम आठ महिन्यांचं वय असताना, यांनी अटलांटाच्या फॉक्स थिएटरमध्ये ‘द पोलीस’च्या आधी वाजवलं. गावातली मुलं स्वतःच्या बळावर वर आली, ही गोष्ट सांगायला गोड आहे. पण कोणाचं तरी कोणी तरी ओळखीचं निघालं, हा भाग सगळ्याच गोष्टींत असतो, सांगितला जात नाही एवढंच. १९८३ मध्ये हेच चौघं ‘द पोलीस’बरोबर न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर उभे राहिले, आणि त्यांना ते मुळीच आवडलं नाही. मोठ्या मैदानावर दुसऱ्याच्या श्रोत्यांसमोर वाजवण्यापेक्षा छोट्या खोलीत आपल्या श्रोत्यांसमोर वाजवलेलं बरं, हे त्यांनी पक्कं केलं. त्याच ऑक्टोबरात डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात टीव्हीवर आले, तेव्हा बक आणि मिल्स गप्पा मारत होते आणि स्टाइप मागे ड्रमच्या चौथऱ्यावर बसून राहिला. दुसरं गाणं इतकं नवं होतं की त्याला अजून नावच नव्हतं.

वस्तूबद्दल लिहायचं राहिलं. कव्हर तेच आहे, निळसर रंगात, हनुवटी हातांवर टेकवून बसलेला शिंगवाला प्राणी. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चवरचा हा पुतळा. सगळे त्याला गार्गॉइल म्हणतात. गार्गॉइल म्हणजे खरं तर तोंडातून पावसाचं पाणी बाहेर सोडणारी मूर्ती, हा नुसता बसला आहे. एकोणिसाव्या शतकात चर्चची डागडुजी झाली तेव्हा तो तिथे आला. म्हणजे दिसतो तितका जुना नाही, आणि करतो असं वाटतं ते काम करत नाही. या रेकॉर्डला याहून योग्य चेहरा मिळाला नसता. एलपीच्या आकारात तो तुमच्याकडे बघतो. सीडीच्या आकारात आपण त्याच्याकडे बघतो. हा तोटा आहेच. याच वेळी चित्र छापलेली रेकॉर्ड आणि कॅसेटही निघाली होती, पण माझ्याकडे सीडी प्लेअर आहे, म्हणून सीडी.

आवाजाबद्दल फार मोठे दावे करणार नाही. जुनी ‘डेड लेटर ऑफिस’ आणि ही, दोन्ही एकामागून एक लावून ऐकल्या. साध्या स्पीकरवर मला जमीन-अस्मानाचा फरक कळला नाही. हेडफोनवर बेसच्या कडा जरा स्पष्ट वाटल्या. हे माझ्या कानांचं की माझ्या इच्छेचं, सांगता येत नाही. तुमच्याकडे जुनी सीडी असेल आणि तुम्ही फक्त आवाजासाठी घेणार असाल, तर घेऊ नका. सोबतचं टिपण मिच ईस्टरने स्वतः लिहिलं आहे, आणि ते मात्र पैसे वसूल करतं. ज्या माणसाच्या गॅरेजमध्ये हे झालं, त्यानेच ते सांगावं, याहून जास्त काय हवं? ‘एजेस ऑफ यू’ सहावं गाणं म्हणून जोडायला काय हरकत होती, हे मला आधी समजत नव्हतं. आठवडाभर ऐकल्यावर समजलं. सहावं गाणं आलं असतं तर पुन्हा माळा सुरू झाला असता.

आता ज्यासाठी मी ती खरंच घेतली, ते. पाचही गाण्यांखाली एकच ओळ: बेरी, बक, मिल्स, स्टाइप. चाल कोणी केली, शब्द कोणाचे, ड्रम कोणाला सुचले, काही नाही. चार आडनावं, इंग्रजी वर्णक्रमाने. पैशाचे वाटे चार, आणि नकार द्यायचा हक्कही चौघांना सारखा. एकाने नाही म्हटलं की विषय संपला. बाकी सगळं सोडा, शब्द लिहिणारा गायक आणि ड्रमर यांना एकच वाटा! हे त्यांनी पैसा यायच्या आधी ठरवलं, यातच सगळं आलं. बेरी १९९७ मध्ये बाहेर पडला, बँड २०११ मध्ये थांबला, आणि तोवर या चौघांत गाण्यांच्या मालकीवरून भांडण झाल्याचं कोणी ऐकलं नाही.

आमचा बँड मोडला तो कॅसेटच्या आतल्या कागदावरून. काका बेस खाली ओढून मोकळे झाले होते, पण कागद आम्हीच छापायचा होता. तीन गाण्यांवर गिटारवाल्याने ‘संगीत’ म्हणून स्वतःचं नाव घातलं. त्यातल्या एका गाण्याची सुरुवातच माझ्या बेसने होते. मी म्हटलं, माझं नाव? तो म्हणाला, बेस म्हणजे संगीत नव्हे, साथ. ड्रमर हसला. पुढच्या सरावाला मी गेले नाही, आणि त्याच्या पुढच्या सरावाला कोणीच गेलं नाही.

सीडी आली त्या रात्री त्या ओळीचा फोटो काढून मी गिटारवाल्याला पाठवला. इतक्या वर्षांत आम्ही वाढदिवसापलीकडे बोललेलो नाही. अर्ध्या तासाने उत्तर आलं, ‘‘मग आपलीही नावं तशीच लावू. कागद शोधतो.’’ मी वहीच्या मागच्या पानावर आमची चार आडनावं इंग्रजी वर्णक्रमाने लिहून पाहिली. मग मराठी वर्णक्रमाने लिहिली. दोन्हीकडे पहिलं नाव गिटारवाल्याचंच येतं.